रस्ते रुंद करण्याआधी ते एकमेकांना जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या उपनगरांतील वाहतूक कोंडीवर वाचकांच्या पत्रांत सतत लिहिले जाते आणि बहुतेक पत्रांचा शेवट एकाच मागणीने होतो: रस्ता रुंद करा, नाहीतर उड्डाणपूल बांधा. नगररचना आणि वाहतूक या विषयांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना यात एक वेगळा हिशेब मांडायचा आहे. वाघोली, मांजरी, उंड्री, धायरी, आंबेगाव या भागांतले रस्ते अरुंद आहेत, यात वाद नाही. पण त्यांचे खरे दुखणे हे की ते कुठे जातच नाहीत. गल्लीत शिरावे, दीड-दोनशे मीटर जावे आणि समोर कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे दुसरी सोसायटी, तिचे तोंड दुसऱ्याच रस्त्याला. दोन इमारतींच्या गच्च्यांवरून एकमेकांना हाक मारता येते, पण एकीतून दुसरीत जायला हमरस्त्यावर येऊन किलोमीटरभर वळसा घालावा लागतो.

आधी जमिनीचे गणित. एक चौरस किलोमीटर सपाट जागा घ्या. तिच्यात दर १०० मीटरवर ९ मीटर रुंदीचे उभे-आडवे रस्ते आखले, तर रस्त्यांखाली सुमारे १७ टक्के जमीन जाते. दर २०० मीटरवर १८ मीटरचे आखले तरी १७ टक्केच. दर ४०० मीटरवर ३६ मीटरचे आखले, तरी तेवढीच. फरक पडतो तो दुसरीकडे. पहिल्या आखणीत त्या चौरस किलोमीटरमध्ये शंभर चौक आणि २० किलोमीटर रस्ता मिळतो, दुसरीत २५ चौक आणि १० किलोमीटर, तिसरीत जेमतेम सहा चौक आणि ५ किलोमीटर. म्हणजे जमीन तेवढीच घालवून शंभर वाटा घ्यायच्या की सहा, एवढाच प्रश्न आहे.

आपले विकास आराखडे तिसऱ्या प्रकाराकडे झुकलेले असतात. नकाशावर २४, ३०, ३६ मीटरचे 'डीपी रस्ते' ठळक रेघांनी दाखवतात आणि मधला निवासी विभागाचा पिवळा रंग कोरा सोडतात. त्या पिवळ्या भागातले लहान रस्ते ज्याचे त्याने आपल्या लेआउटमध्ये, म्हणजे भूखंडांच्या आखणीत, काढावेत, अशी अपेक्षा असते. गुंता होतो तो इथेच.

गावाची जमीन गटांत वाटलेली असते. पाणलोट, ओढा, पाणंद, वारसांच्या वाटण्या यांतून गटांचे आकार ठरले आहेत. शहराच्या रस्त्यांसाठी त्यांचा कुणी कधी विचार केलेला नाही. बरेचसे गट लांबट पट्ट्यांसारखे. एक टोक गाडीवाटेला, दुसरे ओढ्याला किंवा शेजाऱ्याच्या बांधाला. एका गटाचा विकसक आपला आतला रस्ता दर्शनी बाजूने सुरू करतो आणि मागच्या बांधापाशी थांबवतो. तो पुढे न्यायचा तर शेजाऱ्याने पुढचा तुकडा सोडायला हवा, आणि शेजाऱ्याचा लेआउट पाच-सात वर्षांनी यायचा असतो. तो येतो तेव्हा जोत्याची पातळी दीड मीटरने वेगळी असते, बांधावर भिंत झालेली असते आणि त्या टोकाशी पहिल्या सोसायटीचे पार्किंग नाहीतर जनित्र बसलेले असते. काही ठिकाणी मूळ मालकाने रस्त्याच्या टोकाशी फूटभर पट्टी आपल्या नावावर मुद्दाम राखलेली असते. शेजाऱ्याला रस्ता हवा असेल तर त्या पट्टीचे पैसे मोजा! नियमांत हे अडवता येते. लेआउट मंजूर करताना शेजारच्या जमिनींमधल्या रस्त्यांशी मेळ घालून घेण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे आहे. पण प्रकरण एका गटाचे येते, एका गटाच्या मोजणी नकाशावर तपासले जाते आणि एका गटापुरते मंजूर होते. शेजारच्या गटाचा नकाशा त्या फाइलीत नसतोच.

गुंठेवारीत हेच आणखी बारीक होते. एका एकराचे ४० गुंठे. त्यात एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे म्हटले की दहा-पंधरा फुटांची गल्ली ठेवायलाही मालकाचा हात आखडतो, कारण गल्लीत गेलेला प्रत्येक गुंठा म्हणजे न विकलेला तुकडा. गल्लीचे शेवटचे टोकही बहुधा विकलेले असते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली आणि २०२१ मध्ये तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. घरे नियमित झाली. गल्ल्या आहेत तिथेच संपतात.

बंद गल्ल्यांचा परिणाम गल्लीत दिसत नाही, तो हमरस्त्याच्या तोंडाशी दिसतो. झाडासारखी आखणी असली की प्रत्येक पानाची वर्दळ फांदीत आणि फांद्यांची खोडात जमा होते. समजा, एका मुख्य रस्त्याला एकाच तोंडाने जोडलेल्या पट्ट्यात ३,००० सदनिका आहेत आणि सकाळच्या तासाभरात दर दोन घरांमागे कारच्या हिशेबाने एक वाहन निघते. म्हणजे तासाला १,५०० वाहने. सलग हिरवा दिवा मिळाला तर एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० वाहने जाऊ शकतात, पण या तोंडाला सिग्नलच्या फेऱ्यातला तिसरा हिस्सा मिळाला तर ६०० राहतात. दोन मार्गिकांच्या मिळून १,२००. उरलेली ३०० वाहने मागे साचतात आणि पुढच्या तासात ढकलली जातात. आता याच पट्ट्याला मागच्या आणि बाजूच्या रस्त्यांना दोन जोड द्या. प्रत्येक तोंडाशी ५०० वाहने येतील आणि एकेक मार्गिकाही पुरेल. यासाठी रस्ता इंचभरही रुंद करावा लागला नाही.

रुंदी वाढवली की चौकही जड होतो. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून सिग्नलची वेळ ठरवतात. ९ मीटरचा रस्ता साडेसात-आठ सेकंदांत ओलांडता येतो, ३६ मीटरच्या रस्त्याला तीस सेकंद लागतात, आणि आजी-आजोबांना त्याहून जास्त. चार बाजूंना चार वेगळे टप्पे द्यावे लागले तर दर टप्प्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार सेकंद कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. म्हणून फेरा लांबवतात, दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचा. लांब फेऱ्यात रांग लांबते आणि ती मागचा चौक अडवते. जाळे दाट असते तेव्हा उजवीकडे वळायचे काम चार-पाच लहान चौकांत वाटले जाते, आणि लहान चौकाला दोन टप्पे पुरतात. काही चौकांना तर सिग्नलही लागत नाही.

विद्यापीठ चौकाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. औंध, बाणेर, पाषाण आणि गणेशखिंड या चारही दिशांचे रस्ते तिथे एकवटतात, कारण मधल्या शेकडो एकरांत विद्यापीठ, संशोधन संस्था, सरकारी जमिनी आणि टेकड्या आहेत, आणि त्यांतून जाणाऱ्या आडव्या वाटा जवळपास नाहीत. तिथे बांधलेला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून आता मेट्रोसह दुमजली पूल उभारला. पुलाखाली वाहने तेवढीच येतात, कारण त्यांना दुसरीकडून जाताच येत नाही. टेकडी फोडून रस्ता न्या, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वेताळ टेकडी टेकडीच राहावी. जिथे भिंतीपलीकडे भिंतच आहे आणि मध्ये फक्त कागद अडकले आहेत, तिथे जोड द्या, एवढेच.

जाळे तुटल्याचा हिशेब नळालाही द्यावा लागतो. पाण्याच्या वाहिन्या रस्त्याखालून जातात. रस्ते जोडलेले असले तर वाहिन्यांचा फेरा पूर्ण होतो, दोन्ही बाजूंनी पाणी येते आणि एक व्हॉल्व्ह बंद करून दुरुस्ती चालू असतानाही दुसरीकडून दाब मिळतो. बंद गल्लीतली वाहिनी बंद टोकाची असते. तिच्या शेवटी दाब कमी, पाणी साचून राहिलेले आणि क्लोरीन उडून गेलेले. अग्निशमन बंबाला आत शिरता येते, बाहेर पडताना पाठीमागे जावे लागते. घंटागाडी रिव्हर्स घेत येते आणि तिच्या मागे लहान मुले असतात. १२ मीटर लांबीची पीएमपीची बस बंद गल्लीत वळू शकत नाही, त्यामुळे बसमार्ग हमरस्त्यावरूनच आखला जातो. मग थांब्यापर्यंत चालत सातशे-आठशे मीटर, उलट दिशेने, उन्हात. लोक दुचाकी घेतात, आणि ती दुचाकी पुन्हा त्याच तोंडाशी येऊन थांबते.

हे फक्त पुण्यात होत नाही. जगभरच्या रस्त्यांच्या नकाशांवरून कॅनडा आणि कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ आणि २०२० मध्ये जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत दोन गोष्टी दिसल्या. अमेरिकेत बंद गल्ल्यांच्या वसाहती वाढत वाढत १९९४ च्या सुमारास शिखरावर पोहोचल्या आणि त्यानंतर नवी वाढ पुन्हा जास्त जोडलेली होऊ लागली. जगाच्या बऱ्याच भागांत मात्र १९७५ नंतर बांधलेले रस्ते एकमेकांपासून जास्त तुटलेले आहेत. कुंपणबंद वसाहती हे त्याचे एक कारण. शहरात इमारत पन्नास वर्षांत पाडून नवी होते, पण रस्त्याची रेघ शतकानुशतके राहते. कसबा, रविवार, सदाशिव या पेठांतले वाडे गेले, अपार्टमेंट आल्या, पण गल्ल्या आणि दोन आळ्यांना जोडणारे बोळ बऱ्याच अंशी तिथेच आहेत. आज वाघोलीत जी बंद गल्ली मंजूर होईल, ती नातवंडांनाही तशीच मिळणार आहे.

पेठांच्या बाहेर पुणे वाढले तेव्हा आपल्याकडे साधन होते. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली नगररचना योजना, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'टीपी स्कीम', आखल्या गेल्या. शिवाजीनगर, संगमवाडी, पर्वती भागांतल्या मिळकतींच्या कागदांवर आजही 'फायनल प्लॉट नंबर' असतो, तो त्याच योजनांचा. पद्धत अशी: एका भागातले सगळे गट कागदावर एकत्र करायचे, त्यांत रस्ते, बागा, शाळांच्या जागा आखायच्या आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून मूळ मालकांना शक्यतो त्यांच्याच जागेजवळ परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन कमी होते, पण प्रत्येक भूखंडाला रस्ता लागतो आणि भाव वाढतो. एकाच मालकाची पूर्ण जमीन रस्त्यात गेली आणि शेजाऱ्याला फुकटचा दर्शनी भाग मिळाला, हा अन्याय इथे होत नाही. पुढे महाराष्ट्राने मुख्य भर विकास आराखड्यावर दिला आणि १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्यातही टीपी स्कीमची तरतूद आहे, पण ती दशकानुदशके पडून राहिली.

गुजरातने ती सोडली नाही. तिथल्या १९७६ च्या कायद्याने योजनेतली १५ टक्के जमीन रस्त्यांना, ५ टक्के बागा-मैदानांना, ५ टक्के सामाजिक सुविधांना आणि १५ टक्के विकून पायाभूत खर्च भागवायला घेता येते. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक शहाणपण केले: मसुदा योजना मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेता येतो, अंतिम भूखंडांवरचे तंटे मागाहून सुटत राहतात. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीचशी जमीन अशाच योजनांतून मिळाली. २००१ च्या भूकंपानंतर भूजच्या जुन्या तटबंदीच्या शहरातही याच पद्धतीने गल्ल्या रुंद करून एकमेकींना जोडल्या. म्हणजे मोकळ्या शेतातच हे जमते, हा आक्षेप टिकत नाही. आपल्याकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) म्हाळुंगे-माण येथे आणि महापालिकेने उरुळी देवाची, फुरसुंगी भागांत अशा योजना हाती घेतल्या. नंतर ती दोन गावे महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. योजनेपेक्षा हद्दच आधी बदलते, हेही आपल्याकडेच घडायचे.

याच्या तुलनेत विकास आराखड्यातला रस्ता तुकड्या-तुकड्याने मिळतो. भूसंपादन केले तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत बाजारभावाच्या सुमारे दुप्पट मोबदला द्यावा लागतो, म्हणून प्रशासन पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच जागेवर जादा बांधकाम) पुढे करते आणि मालक बांधकामाचा प्रस्ताव येईपर्यंत वाट पाहतो. ज्याने बांधले त्याच्यापुढे काँक्रीट होते, ज्याने नाही त्याच्यापुढे बांध राहतो. मध्ये शंभर-दोनशे मीटरचा एखादा तुकडा राहिला की पुढचा-मागचा सगळा रस्ता निकामी. पालिकेच्या भाषेत याला 'मिसिंग लिंक' म्हणतात. १० वर्षांत संपादन झाले नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर तो तुकडा आराखड्यातून व्यपगत होतो. दोन किलोमीटरचा रस्ता दीडशे मीटरसाठी मरतो.

पुण्याची हद्द १९९७ मध्ये ३८ गावांनी वाढली (त्यांतली काही पुढे वगळली), २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांनी. म्हणजे गावे आधी बांधून होतात आणि मग पालिकेत येतात. त्यामुळे या गावांच्या आराखड्यात पुढील बाबी असल्याशिवाय तो मंजूर करू नये, असे आम्हाला वाटते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: पिवळ्या भागात ९ आणि १२ मीटरचे जोडरस्तेही नकाशावर, गट क्रमांकांसह, आराखड्यातच दाखवा. दोन समांतर जोडांमधले अंतर २०० मीटरपेक्षा जास्त नको आणि शाळा, बाजार, मेट्रो स्थानकाजवळ ते १०० मीटरपर्यंत आणा. जोड दाखवताना गटाची शिव, पाणंद आणि जुनी वहिवाट शक्य तिथे धरा. तिथे बहुधा रिकामी पट्टी असते, आणि वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा दूर करायला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधारही आहे. नाल्याचे पात्र मात्र रस्त्यासाठी धरू नका. त्यावरचे स्लॅब टाकलेले रस्ते पहिल्या मोठ्या पावसात काय करतात, हे आंबिल ओढ्याच्या २०१९ मधल्या पुराने दाखवले आहे.

लेआउट मंजुरीच्या फाइलीत शेजारच्या सर्व गटांचे नकाशे आणि त्यांवरील मंजूर रस्ते एकाच पटलावर असावेत. जोडरस्ता गटाच्या हद्दीला टेकवून, टोकाशी पट्टी न राखता, पालिकेकडे नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित झाला आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर पालिकेचे नाव लागले, याशिवाय भोगवटा दाखला नको. आज मंजूर नकाशावर रस्ता असतो, कागदावर तो विकसकाचाच राहतो, आणि सोसायटी झाली की त्यावर फाटक बसते. रस्त्याची पातळीही मंजुरीत लिहिली जावी. नाहीतर दोन रस्ते नकाशात मिळतात आणि जागेवर मध्ये मीटरभराची पायरी.

टाउनशिपचाही इथेच विचार व्हावा. एकात्मिक नगर वसाहत किमान ४० हेक्टरची, म्हणजे चौकोनी धरली तर साधारण ६३० मीटर बाजूची. तिच्यातून आरपार जाणारा सार्वजनिक रस्ता नसेल तर एका बाजूच्या मध्यावरून समोरच्या बाजूच्या मध्यावर जायला ६३० मीटरऐवजी साडेबाराशे मीटर लागतात. बाहेरच्या प्रत्येकाला, रोज. एवढ्या क्षेत्रात उभा एक आणि आडवा एक रस्ता बिनफाटकाचा असणे ही अट जास्त नाही.

रहिवाशांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे आणि तो खोटा नाही. भिंत काढली की शॉर्टकट मारणारे सुसाट जातील, चोऱ्या होतील, मुलांना खेळायला जागा राहणार नाही. यासाठी सगळेच जोड गाड्यांना खुले करायची गरज नाही. पेठेतल्या बोळासारखी तीन मीटरची पायवाट, दोन्हीकडे दिवे, दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या तिच्याकडे, आणि तोंडाशी खांब. खांबांमधले अंतर दीड मीटरच्या आत असले की कार जात नाही आणि व्हीलचेअर जाते. दुचाकी जाईल, हे कबूल. ती अडवणारा खांब पुण्यात अजून बसायचा आहे. जिथे गाड्यांना जाऊ द्यायचे, तिथे जोडाच्या दोन्ही टोकांशी पदपथाच्या उंचीचे पट्टे बांधले की वेग आपोआप उतरतो. आणि एकच जोड उघडला तर सगळी वर्दळ त्यातून जाणार, हेही खरे. म्हणूनच जोड एकेक न उघडता एका पट्ट्यातले सगळे एकाच वेळी उघडावेत.

आपला भाग किती जोडलेला आहे, हे कुणालाही मोजता येते. घराभोवतीचा एक किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन ओपनस्ट्रीटमॅपवर किंवा छापील नकाशावर आखा. त्यातले तिठे, चौक आणि बंद टोके वेगवेगळी मोजा आणि फाटक असलेले सोसायटीचे रस्ते वगळा. मग दोन गाठींमधल्या रस्त्याच्या तुकड्यांची संख्या भागिले गाठींची संख्या करा. तिठा, चौक आणि बंद टोक, तिन्ही गाठीच धरायच्या. झाडासारख्या आखणीत उत्तर १ च्या आसपास येते, पूर्ण जाळीत २ च्या जवळ. १.४ च्या खाली आले तर भागात जोड कमी आहेत, असे समजायला हरकत नाही. दुसरी चाचणी आणखी सोपी: घरापासून शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांचे सरळ रेषेतले अंतर आणि प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर यांचे गुणोत्तर काढा. चौकोनी जाळीत ते जास्तीत जास्त १.४१ असते. दोनच्या वर गेले, की मध्ये कुठेतरी भिंत आहे.

आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा 'वाहतूक सुधारा' एवढेच लिहून पाठवू नका. कोणत्या दोन रस्त्यांमध्ये जोड हवा, दोन्ही बाजूंचे गट क्रमांक, जोडाची लांबी आणि रुंदी, त्या जागी आज काय आहे (बांध, भिंत, शेड, झाडे), आणि दिनांक असलेले छायाचित्र, एवढे एका पानावर द्या. एका सूचनेत एकच जोड असू द्या. दहा जोड असतील तर दहा अर्ज करा, म्हणजे सुनावणीत प्रत्येकावर वेगळा निर्णय नोंदवावा लागतो.

आपले,
नगररचना व वाहतूक क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे